चौसष्ट अक्षरांची किल्ली

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या घरातून होडीत चढताना माझा फोन पाण्यात पडला. आदल्या वर्षी आई गेली होती, तिचे व्हॉइस मेसेज त्यात होते. व्हॉट्सॲपचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप मी मुद्दाम बंद ठेवला होता. चॅटला असतं तसं कुलूप तेव्हा ड्राइव्हवरच्या प्रतीला नव्हतं, आणि आईच्या आजारपणाचे रिपोर्ट मला बाहेर कुठेही नको होते. फोन रोज रात्री स्वतःपाशी एक प्रत काढायचा. तीही त्याच्यासोबत बुडाली.

"सगळं फोनमध्येच राहतं, बाहेर काही जात नाही," असं मोबाइलचे दुकानदार सांगतात तेव्हा मला आता ते अर्धंच वाटतं. फोटोतले चेहरे फोनने आतल्या आत ओळखले, तर चांगलंच आहे. पण फोनच गेला तर? आणि बॅकअप ठेवला, तर त्याची किल्ली कुणाकडे?

ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे चॅटसारखंच कुलूप असलेला बॅकअप आणला. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अक्षरांची किल्ली घ्या. मी किल्ली घेतली: नुसते आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. ती हरवली तर व्हॉट्सॲपलाही काही उघडता येत नाही. हे वाचून हात थबकला, पण मला हवं होतं ते हेच. स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून काय उपयोग? वहीत उतरवली आणि वही माळ्यावर ठेवली, कारण तिथवर पाणी आलेलं नाही. ताई आली होती, तिने स्वतःच्या हाताने दुसरी प्रत लिहून साताऱ्याला नेली.

गेल्या महिन्यात फोन बदलला. नंबर तोच, गुगल खातं तेच, ओटीपीही आला. किल्ली टाकली, चुकली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. पोटात गोळा आला. वही उजेडात धरली तेव्हा दिसलं, माझ्या अक्षरात इंग्रजी सहा आणि बी सारखेच.

"ताई, तो कागद आहे ना गं?"

"देवघराच्या खणात. का?"

"सगळं वाचू नकोस. अकरावं आणि चाळिसावं तेवढं सांग."

दोन्हीकडे बी होता. मेसेज उतरायला लागले, अप्पांचे व्हॉइस मेसेजही आले. मग वहीतल्या त्या दोन्ही अक्षरांभोवती लाल पेनाने गोल केला.