जास्त ओलेइकच्या भुईमुगाचे बियाणे घरचे राखावे का?

‘गिरनार ४ या जास्त ओलेइकच्या भुईमुगाचे बियाणे एकदा विकत घेतले, तर पुढे घरचीच शेंग राखून पेरता येईल, की दोन-तीन वर्षांत तेलाचा गुण जाईल?’ सातारा-सांगलीकडचे शेतकरी मला हे सतत विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. भुईमुगात हा गुण टिकतो. मात्र तो कशामुळे टिकतो हे कळल्याशिवाय तो कशाने हातचा जातो हेही कळत नाही.

भुईमुगाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन मेदाम्ले (फॅटी ॲसिड, म्हणजे तेलाचे घटक) मिळून सुमारे ८० टक्के असतात. दाणा भरत असताना आधी ओलेइक तयार होते आणि मग एक विकर (एन्झाइम) त्यातल्या काही भागाचे लिनोलेइक करते. लिनोलेइकवर हवेतल्या प्राणवायूची क्रिया लवकर होते, म्हणूनच साठवलेले दाणे आणि तेल खवट होते. हे विकर जवळजवळ निकामी असलेली एफ-४३५ ही भुईमुगाची पैदाशीची ओळ (लाइन) फ्लोरिडातील संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ओलेइक ८० टक्के आणि लिनोलेइक अवघे २ टक्के होते. भारतात २०२० साली आलेल्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या वाणांतला गुण त्याच मुळाकडून आलेला आहे.

भुईमूग हा दोन वेगळ्या रानटी जातींच्या संकरातून झालेला असल्यामुळे या विकराचे जनुक त्याच्याकडे दोन ठिकाणी आहे. दोन्ही ठिकाणी, आई आणि बाप अशा दोन्हीकडून, बिघडलेलेच रूप आले तरच ओलेइक वाढते. एकही चांगली प्रत असली तर विकर काम करत राहते. म्हणून साध्या उपट्या (उभट वाढीच्या) वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीचे तेल जवळपास साधेच निघते आणि दुसऱ्या पिढीत १६ दाण्यांमागे सरासरी एकच दाणा जास्त ओलेइकचा मिळतो. पसऱ्या प्रकारच्या बऱ्याच वाणांत एका ठिकाणचा बिघाड मुळातच असतो. तिथे हे प्रमाण चारास एक इतके सोपे होते.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की टरफल आणि दाण्यावरची लाल साल आईची असते, पण आतल्या दोन डाळी, म्हणजे जिथे तेल साठते तो भाग, पुढच्या पिढीच्या असतात. त्यामुळे संकरित झाडाच्या एकाच शेंगेतल्या दोन दाण्यांचे तेल वेगवेगळे असू शकते. पैदासकार दाण्याचे अंकुराच्या विरुद्ध टोक किंचित कापून त्याची मेदाम्ले तपासतात आणि उरलेला दाणा पेरतात. निवड झाड उगवण्याआधीच होते. नुसत्या डोळ्यांना किंवा जिभेला मात्र हा फरक कळत नाही.

शेतावर येऊ. भुईमुगाचे फूल उमलण्याच्या सुमारासच स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे शेजारच्या वावरातून परपरागीभवनाचा धोका फार थोडा असतो. धोका भेसळीचा असतो: गेल्या हंगामात जमिनीत राहिलेल्या शेंगा आपोआप उगवतात, किंवा एकाच मळणी यंत्रातून दोन वाण जातात. ज्या रानात आदल्या वर्षी भुईमूग होता, तिथे बियाण्याचा प्लॉट घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

करडईबाबत मात्र माझे उत्तर बदलते. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर मोठे काम केले असल्याने आपल्या भागात तिच्याविषयीही विचारणा होते. जास्त ओलेइकचा गुण करडईचे पैदासकार पी. एफ. नोल्स यांना कॅलिफोर्नियात भारतातूनच गेलेल्या करडईत सापडला, आणि त्यातून १९६६ साली यूसी-१ हे वाण आले. इथे एकाच ठिकाणचे अप्रभावी (आई-बाप दोन्हीकडून आले तरच गुण दाखवणारे) जनुक पुरते, म्हणून पैदास सोपी आहे. पण करडईवर मधमाश्या भरपूर येतात. साध्या करडईचा पराग पडला, तर त्या बोंडातल्या त्या दाण्याचे तेल त्याच हंगामात बदलते, पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे आजूबाजूला साधी करडई असेल, तर जास्त ओलेइकच्या करडईचे बियाणे घरी राखण्याऐवजी दर वर्षी खात्रीच्या ठिकाणाहून आणावे.