ताईबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

"तुझी ताई अशी कशी झाली रे? तू तरी खरं सांग." हे मला मावशीने विचारलंय, आत्याने विचारलंय, खालच्या मजल्यावरच्या काकू तर जिन्यात गाठून विचारतात. सगळे मलाच विचारतात, कारण मी ऑटिस्टिक आहे आणि गोड बोलून विषय टाळणं मला जमत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ताई मेटलहेड झाली आहे. ती हेवी मेटल ऐकते, काळे टी-शर्ट घालते, डोक्याच्या एका बाजूचे केस तिने बारीक केलेत आणि जीन्सच्या बिनबाह्यांच्या जॅकेटवर बँडच्या नावांचे पॅच शिवते. नशा करत नाही. सैतानाची पूजाही करत नाही. तिने आजवर कुठलीच पूजा केलेली नाही, गणपतीत आरतीला येते ती झांजांसाठी.

मला त्रास झाला, पण तुम्हाला वाटतो त्यामुळे नाही. तिने डोक्याचं तेल बदललं, खोलीत लाल दिवा लावला. तिचा पिवळा कुर्ता मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर लांबून ओळखायचो, तो तिने देऊन टाकला. काही दिवस गर्दीत मला ताई सापडायचीच नाही. आई म्हणाली, सवय होईल. सवय नाही झाली, ते जॅकेट कामाला आलं. माणसाला काय आवडतं हे तुम्ही चेहऱ्यावरून ओळखता, मला ते अवघड जातं. ताईच्या पाठीवर ते शिवलेलं असतं. पाठीवर मधोमध सगळ्यात लाडका बँड, बाजूला बाकीचे. काही बँडची नावं बाभळीच्या कुंपणासारखी काटेरी असतात, कोणालाच वाचता येत नाहीत. मला येतात.

"मिक्सर लागला की कान झाकतोस, मग तिचं ते कसं चालतं?" हा तुमचा पोटप्रश्न. मिक्सर कधी लागणार आणि कधी थांबणार हे आई सांगत नाही. गाणं किती मिनिटांचं आहे ते आधीच दिसतं, आवाज कमी करायचं बटण माझ्या हातात असतं. डबल बास ड्रम, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम, मिनिटभर एकाच वेगात चालतो तेव्हा माझे खांदे सैल पडतात. विसर्जनाच्या डीजेपुढे मला ओढत नेणाऱ्यांनी मेटलला गोंगाट म्हणावं, हे मला पटत नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं ते मी शोधून काढलं. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्याही केल्या. त्याने आवाज जड आणि खोल झाला. 1970 मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला. नंतर याच बँडमध्ये आलेल्या रॉनी जेम्स डिओने तर्जनी आणि करंगळी उभी धरायची ती खूण लोकप्रिय केली. ती त्याने आपल्या इटालियन आजीकडून घेतली होती, ती दृष्ट लागू नये म्हणून तसं करायची. मी हे आमच्या आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग मीठ-मोहऱ्या वाचतात की." तेव्हापासून तिने ताईला टोकणं बंद केलंय. तुम्हीही करू शकता.

जुलै 2025 मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला तेव्हा ताई जेवली नाही. 5 जुलैला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून तो शेवटचं गायला आणि 22 तारखेला गेला. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला कळत नाही. मी तिला सांगितलं की आयोमी आणि ऑझी एकाच शाळेत होते. तिला ते माहीत होतं. तरी म्हणाली, "अजून सांग."

एक गोष्ट मात्र मला खटकते. मी ऑटिस्टिक आहे या ओळखीसाठी डॉक्टर, चाचण्या, सही, शिक्का आणि कार्ड लागलं. ताईने स्वतःच सांगितलं आणि झाली. मला हेवा वाटला होता. मग लोअर परळच्या एका कार्यक्रमात कुणा मुलाने तिचा टी-शर्ट बघून म्हटलं, या बँडची तीन गाणी सांग. मला ही परीक्षा आधी रास्त वाटली, त्यात उत्तर बरोबर किंवा चूक असतं. ताईने तीन सांगितली, चौथं कोणत्या अल्बममध्ये आहे तेही सांगितलं. पण बरोबरच्या मित्राच्या अंगात तोच टी-शर्ट होता आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. निम्म्याच लोकांना लागू होतो त्याला मी नियम मानत नाही. उलट गर्दीत ढकलाढकली करताना कुणी पडलं की आधी त्याला उचलायचं, हा मेटलहेड लोकांचा नियम मला मान्य आहे. तो लोकलमध्येही हवा.

आता राहिला लग्नाचा प्रश्न. त्याची माझ्याकडे माहिती नाही. तो ताईलाच विचारा, पण रविवारी अकराच्या आधी नको, ती झोपलेली असते.