धक्का कोयनेचा की वारणेचा?

रात्री-अपरात्री भांडी वाजली की कोल्हापुरात पहिला प्रश्न हाच. ढोबळ उत्तर मोबाईल न उघडता मिळतं. भूकंपाच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी साडेतीन. पहिलीचा खालून बारीक ठोसा बसतो, दुसरी घर आडवं हलवते. दोन्हींमधले सेकंद मोजा, ८ नं गुणा. अंदाजे तेवढे किलोमीटर. कोयनानगर इथून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर, म्हणजे अकरा सेकंद. वारणा धरणाजवळचा चांदोलीचा पट्टा साठ-पासष्ट, म्हणजे सात-आठ. टेबलाखाली बसूनही मोजता येतं. घर हलत असताना जिन्याकडे पळायचं नाही, हे सांगायला हवंच.

बारीक धक्क्यात गफलत होते. पहिली लहर झोपेत कळत नाही, सगळं एकदमच आल्यासारखं वाटतं आणि हिशेब चुकतो. शिवाय यातून दिशा समजत नाही. त्यासाठी निदान तीन भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी लागतात: प्रत्येकाभोवती अंतराचं वर्तुळ काढायचं, तिन्ही छेदतात तिथं भूकंपाचं केंद्र.

‘लहान धक्के बसतायत ते बरंय, ताण निघून जातो,’ हा दिलासा कट्ट्यावर हमखास ऐकू येतो. त्यात दम नाही. रिश्टरचा आकडा एकनं वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६.३ चा होता. तेवढी ऊर्जा ३.३ च्या धक्क्यांनी निघायची तर ते तीस हजारांवर लागतील.

धरणानं भूकंप ‘तयार’ होत नाही. ताण खडकात आधीचाच. जलाशय भरला की पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथला दाब वाढतो आणि भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजूंची पकड सैल होते. म्हणूनच पावसाळ्यानंतर कोयना-वारणेत हालचाल वाढते. पण हंगाम सांगणं वेगळं, तारीख सांगणं वेगळं. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला १९९३ च्या आत भूकंप येणार म्हणून शास्त्रज्ञ यंत्रं लावून बसले. तो आला २००४ मध्ये. तेव्हा ‘आज रात्री अडीचला मोठा धक्का’ असा मेसेज आला तर पुढे न ढकलता पुसून टाका.

गणपतीपुळ्याला गेलेल्यांचे फोन येतात, त्सुनामी येईल का? कोयनेच्या धक्क्यानं नाही. त्यासाठी समुद्राचा तळच उचलला जावा लागतो. अरबी समुद्रात तशी जागा पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यालगत आहे. १९४५ साली तिथं ८.१ चा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत पोचल्या. चार किलोमीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी ७०० किलोमीटरनं धावते, पन्नास मीटर खोलीवर ताशी ८० नं. तिथून कोकणात यायला तिला काही तास लागतात, त्यामुळे हैदराबादच्या त्सुनामी केंद्राचा इशारा आधी पोचू शकतो. मात्र पाणी अचानक आत ओढलं गेलेलं दिसलं, तर इशाऱ्याची वाट न पाहता चढणीला लागा. आणि पहिल्या लाटेनंतर लगेच खाली उतरू नका, कारण पुढची लाट अनेकदा तिच्याहून मोठी असते.