दर दोन तासांनी कूस

रविवार, रात्री उशिरा

आज ‘द बेस्ट ऑफ मेन’ पाहिला. लंडनच्या पॅरालिम्पिकच्या तोंडावर, २०१२ साली बीबीसीने दाखवलेला टीव्हीपट. पॅरालिम्पिकचा, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धांचा, पाया घालणाऱ्या डॉ. लुडविग गुटमन यांची गोष्ट. एडी मार्सनने गुटमन असे उभे केलेत की त्यांच्या तापटपणाचाही आदर वाटावा.

सगळे या चित्रपटाबद्दल खेळांसाठी बोलतात. माझं मन अडकलं ते सुरुवातीच्या वॉर्डात. गुंगीची औषधं देऊन निजवून ठेवलेले तरुण सैनिक आणि त्यांच्या पाठीच्या जखमा. मणक्याला मार लागला की माणूस काही महिन्यांचा सोबती, असंच तेव्हा डॉक्टरही धरून चालत. जीव जायचा तो बहुधा शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहून झालेल्या जखमा, चिघळून, नाहीतर लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग रक्तात भिनून. म्हणजे टाळता येण्यासारख्या कारणांनी! १९१७ साली, अठराव्या वर्षी, गुटमननी इस्पितळात पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार असाच काही आठवड्यांत गेलेला पाहिला होता. पुढे ते तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमधले नावाजलेले मेंदूतज्ज्ञ झाले. ज्यू म्हणून नाझींनी छळलं, १९३९ मध्ये बायकामुलांसह इंग्लंडला यावं लागलं. १ फेब्रुवारी १९४४ ला तिथल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळाचा मणक्याच्या दुखापतींचा विभाग त्यांच्या हाती आला आणि तिथे त्यांनी काय सुरू केलं, तर दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. दादा परांचीवरून पडला त्यानंतर आमच्या घरात हेच चालायचं. रात्री गजर झाला की आई त्याचे खांदे धरायची, मी कंबर. एका दमात वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत. मग चादर चारही बाजूंनी ताणून घ्यायची, कारण कंबरेखाली काही जाणवतच नसेल तर चादरीची एक चुणीसुद्धा कातडी सोलते आणि ज्याची कातडी त्याला पत्ताही नसतो. रोज सकाळी आई त्याची पाठ उजेडात नीट पाहायची. लालसर डाग दिसला की दिवसभर त्या कुशीवर निजवायचं नाही.

म्हणून मला वाटतं, पॅरालिम्पिकचा इतिहास सांगताना धनुष्यबाणापासून सुरुवात करणं अर्धवट आहे. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचाच दिवस. स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेले १६ जण, १४ पुरुष आणि दोन स्त्रिया, तिरंदाजीला उतरले. ते तिथवर पोचले, कारण रात्री-अपरात्री कुणीतरी त्यांना वळवत होतं. त्या परिचारिका आणि वॉर्डबॉय यांची नावं कुठेच नसतात. आधी काठ्या उलट्या धरून खुर्चीतला पोलोही खेळून झाला होता, पण तो फारच धसमुसळा निघाला. पुढे १९६० ला रोममध्ये, पहिल्या पॅरालिम्पिकला, २३ देशांचे ४०० खेळाडू जमले.

आणि १९७२ ला हायडेलबर्ग. जिथून गुटमनना निघून जावं लागलं, त्याच जर्मनीत त्यांनी सुरू केलेले खेळ भरले आणि आपल्या सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेतलं. सैन्यातला मुष्टियोद्धा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला. भारताचं ऑलिंपिक-पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. याचा मला अजून राग येतो.

पुढच्या रविवारी दादाला हा चित्रपट दाखवायचा आहे. वॉर्डातला भाग त्याला जड जाईल, तेव्हा आधी सांगूनच बसवीन. आईलाही बसवायचं. इंग्रजी संवाद मी तिला मराठीत सांगत जाईन; कूस बदलतात ते मात्र तिला सांगावं लागणार नाही.