अण्णांची बडबड, आईची झोप

अण्णा पडले ते पहाटे, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी. वय 81. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. विट्याहून अँब्युलन्सने मिरजेला आणलं आणि दुसऱ्या दिवशी अर्धा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "छान झालंय, उद्या उभं करू." मी बंगळूरला भावाला फोन करून सांगितलं, घाई करू नकोस, शनिवारी ये.

त्याच रात्री दोन वाजता सिस्टरांनी मला आयसीयूत बोलावलं. अण्णांनी सलाईन उपसून टाकलं होतं, चादरीवर रक्त सांडलेलं. मला बघून ते म्हणाले, "अक्का, तू कशाला आलीस?" अक्का म्हणजे माझी आत्या. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. अण्णांचं सगळं आयुष्य एसटी चालवण्यात गेलं, त्यातली कितीतरी वर्षं विटा-स्वारगेट. त्या रात्री ते पलंगावर पडल्या पडल्या गाडी चालवत होते. "खंबाटकी लागलाय, मागं बसा सगळे." आणि क्लच दाबायला डावा पाय उचलला जायचा. तोच ऑपरेशनचा पाय. सांधा निसटेल म्हणून सिस्टर गुडघ्यावर हात दाबून उभ्या होत्या. शेवटी हात बांधायला लागतील म्हणाल्या आणि कागद पुढे केला. मी सही केली. त्या सहीचं आजही वाईट वाटतं.

सकाळी गावाकडून फोन सुरू झाले. "वात झालाय म्हणे. आता काही खरं नाही, सगळ्यांना बोलावून घे." मीही मनातून तेच धरून बसले होते.

फिजिशियन मॅडम राउंडला आल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे अचानक भान हरपणं. हे वेड नव्हे, आणि हळूहळू येणारा स्मृतिभ्रंशही नव्हे. म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतो. भूल, वेदना, झोपमोड, लघवी तुंबणं, पोट साफ नसणं, जंतुसंसर्ग, यातलं काहीही कारण असू शकतं, बऱ्याचदा दोन-तीन एकत्र असतात. दिवस मावळला की वाढतो. कारण शोधून त्यावर उपचार केले की बहुतेकदा ओसरतो, पण काहींना आठवडे लागतात. मग त्यांनी विचारलं, "यांना ऐकू येतं का नीट? चष्मा कुठंय?"

चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी. ऑपरेशनला नेताना सिस्टरांनी तिन्ही वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या. तेव्हापासून ती पिशवी माझ्या पर्समध्ये होती. म्हणजे तो माणूस अनोळखी खोलीत, चोवीस तास पेटलेल्या ट्यूबलाइटखाली, न दिसता न ऐकता पडून होता.

मशीन कानात बसवलं. ते बारीक शिटी वाजवून गप्प झालं. अण्णांनी मान वळवली आणि विचारलं, "किती वाजले?" दोन दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलत होते, अक्काशी नव्हे.

मग मॅडमनी सांगितलं तसं करत गेलो. समोर दिसेल असं घड्याळ लावलं. दिवसा पलंगाची पाठ वर करून खिडकीकडे तोंड, रात्री त्यांच्या बाजूचे दिवे बंद. ते गाडी चालवायला लागले की वाद घालायचा नाही. "अण्णा, आपण मिरजेत दवाखान्यात आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय," एवढं एकदा सांगायचं आणि हात धरून बसायचं. घरचं एक माणूस रात्रभर जवळ बसू द्या म्हणून आम्ही हट्ट धरला आणि तो मान्य झाल्यावर हात सोडले. चौथ्या रात्री ते सलग पाच तास झोपले.

या सगळ्यात आई समोरच्या लॉजवर होती. जेवण जात नव्हतं, नुसता चहा आणि पाणी. फार शांत झाली होती, दुपारभर झोपायची. मी म्हणायचे, दमलीय, झोपू दे.

शनिवारी भाऊ आला. आई अर्धी वेणी घातलेली, केसांचा पेड हातात धरून बसली होती. पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. भाऊ म्हणाला, "ताई, ही दमलेली नाही गं." तसंच उचलून खाली कॅज्युअल्टीत नेलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, 114 निघालं. ते 135 ते 145 असायला हवं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते ती वर्षानुवर्षं घेत होती. त्यात अन्न बंद आणि वर नुसतं पाणी. मीठ भराभर वाढवून चालत नाही, 24 तासांत ते आठ-दहापेक्षा जास्त वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत दोन-तीन दिवस हळूहळू चढवलं.

मॅडम म्हणाल्या, "अण्णांसारखं आईचंही भानच हरपलं होतं, फक्त गुपचूप. बडबड करणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प पडलेला पेशंट सुटून जातो." हे वाक्य मी भावाच्या वहीत तारीख घालून लिहिलं. त्या वहीत तो कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, कुठली गोळी बंद झाली, रिपोर्टचे आकडे काय, ते सगळं लिहायचा. ड्यूटी बदलताना एकमेकांना तीच द्यायची. नातेवाइकांचे फोन वहिनीने अंगावर घेतले, संध्याकाळी सातला एकच मेसेज सगळ्यांना. रात्री बसणाऱ्याने दुपारी लॉजवर झोपायचंच, हा नियम मात्र आम्हाला उशिरा सुचला.

आता अण्णा वॉकर घेऊन सोप्यात फेऱ्या मारतात. त्या रात्रींतलं त्यांना काहीच आठवत नाही. आईची गोळी बदललीय, ठरलेल्या तारखांना सोडियम तपासतो. दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यात मशीनच्या जादा बॅटऱ्या, कवळीची डबी, दोघांच्या गोळ्यांची यादी आणि ती वही. मशीन आणि चष्मा अण्णांच्या अंगावरच असतात.