शाळासिद्धी : शेजारच्या शाळेकडून घ्यायचं ते काय?

शाळासिद्धी म्हणजे शाळेने ठरलेल्या मानकांवर स्वतःचंच मूल्यमापन करायचा राष्ट्रीय आराखडा. प्रत्यक्षात मुदत संपायच्या आदल्या रात्री एकच शिक्षक संगणकापुढे बसतो, मागच्या वर्षीची माहिती उघडतो आणि ४६ गाभा मानकांचे स्तर भरून मोकळा होतो. बऱ्याच शाळांचं स्वयं-मूल्यमापन असंच होतं. मग केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, देवाणघेवाण करायची तर ती भरलेल्या पीडीएफची होते. त्यातून कुणी काही शिकत नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या या आराखड्यात ७ क्षेत्रं आहेत आणि प्रत्येक मानकाला १ (सर्वांत खालचा) ते ३ (सर्वांत वरचा) यांपैकी स्तर द्यायचा असतो. पहिलं क्षेत्र सामर्थ्य स्रोतांचं, म्हणजे ग्रंथालयासारख्या शाळेतल्या सोयी-साधनांचं. त्यात १२ मानकं आहेत आणि प्रत्येकाकडे दोनदा पाहायचं असतं: वस्तू पुरेशी उपलब्ध आहे का, आणि ती दर्जेदार व वापरात आहे का. बहुतेक शाळा दोन्हीकडे सारखाच आकडा टाकतात, आणि खरी माहिती तिथेच हरवते.

ग्रंथालयाचं पाहा. कपाटात अडीचशे पुस्तकं आहेत, उपलब्धता उत्तम. आता देवघेव रजिस्टर उघडा. सगळ्या नोंदी दोन-तीन तारखांच्या, एकाच हस्ताक्षरात, आणि परतीचा रकाना कोरा असेल, तर पुस्तकं मुलांच्या हातात जात नाहीत. वापराचा स्तर १ लिहायला धीर लागतो, पण सुधारणा तिथूनच सुरू होते.

म्हणून जोडी लावा ती सारख्या पटाच्या शाळांची, द्विशिक्षकीला द्विशिक्षकी. मानक एकच घ्या. आधी आपापल्या शाळेत प्रत्येक शिक्षकाने एकमेकांना न विचारता स्तर लिहावा. जुळला नाही तर वर्णन विधानं (प्रत्येक स्तराला काय दिसायला हवं ते सांगणारी वाक्यं) मोठ्याने वाचून पुराव्यावर एकमत करावं. मग जोडीतल्या शाळेला भेट. दीड तास पुरतो: अर्धा तास नोंदी आणि जागा पाहायला, अर्धा तास मुलांशी बोलायला, उरलेला चर्चेला. पाहुण्यांनी स्तर द्यायचा नाही. त्यांनी एवढंच विचारायचं, ‘हा स्तर कशावरून?’ चौथीतल्या मुलाला ‘शेवटचं पुस्तक कोणतं नेलंस?’ म्हटलं की फाईलमध्ये नसलेलं बरंच कळतं.

बिघडतं ते भेटीची तपासणी झाली की. केंद्रप्रमुखांनी भेटीचे कागद मागवले, श्रेणीशी जोडले, की दुसऱ्याच दिवसापासून सगळीकडे ३ दिसू लागतो. हे कागद त्या दोन शाळांपुरतेच राहू द्या. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सांगायचं तर काय बदललं आणि काय जमलं नाही, ते सांगा. फक्त नावाजलेल्या शाळेचं सादरीकरण ठेवलं की बाकीचे टाळ्या वाजवून घरी जातात.

दुसरी अडचण नकलेची. एका शाळेत मुलंच पुस्तकं देतात-घेतात, कारण शिक्षक दोनच. तिथलं रजिस्टर उचलून आणलं आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशातच राहिली, तर काहीच बदलत नाही. कृती घेताना ती तिथे का चालते, हेही लिहून घ्या.

सुधारणा आराखड्यात कृती, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि खर्च हे चारही रकाने भरा, आणि शाळा व्यवस्थापन समितीत साध्या भाषेत वाचा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ‘स्तर २’ म्हटल्याने त्यांना काही कळत नाही, ‘महिन्यात निम्म्या मुलांनी एकही पुस्तक नेलं नाही’ हे लगेच कळतं.

भेटीसाठी द्विशिक्षकी शाळेतून दोघांनी एकदम निघू नका. एक गेला की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. दोन महिन्यांनी पुन्हा जाल तेव्हा तेच मानक, तेच रजिस्टर पाहा. मधेच नवा विषय काढू नका.