आमची वाटचाल: सुट्या शिपायांपासून हूगुमाँच्या दरवाजापर्यंत

आमच्या वर्कशॉपची सुरुवात साध्या कामाने झाली: वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोट्या शिपायांनी लढाईचा खेळ, खेळणाऱ्यांना २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई रंगवून द्यायचे. पलटणीच्या पलटणी, एकाच गणवेशातल्या, टेबलावर हातभर अंतरावरून उठून दिसतील अशा. पुढे मागणी बदलली. खेळात जे ठिकाण काबीज करायचं ते दाखवायला खेळाडूंना नुसता ठोकळा नको होता, त्या लढाईतला एखादा प्रसंग हवा होता. तिथून आम्ही व्हिनेटकडे, म्हणजे एकच प्रसंग दाखवणाऱ्या छोट्या देखाव्यांकडे, वळलो आणि आज मुख्य काम तेच आहे. एवढ्या काळात कामाची एक पद्धत मात्र पक्की झाली. आधी प्रसंगाची वेळ ठरवायची, मग ब्रश हातात घ्यायचा.

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी असलेल्या व्हिनेटचंच उदाहरण घेऊ. वॉटर्लूची लढाई, १८ जून १८१५, हूगुमाँच्या वाड्याचा उत्तर दरवाजा. फ्रेंच पहिल्या लाइट इन्फंट्रीचा (हलक्या पायदळाचा) अधिकारी लेग्रो कुऱ्हाडीने वाट फोडून शिपायांसह आत शिरतो आणि ब्रिटिश कर्नल मॅकडोनेल व त्याचे गार्ड्स पलटणींतले शिपाई खांदे लावून तो दरवाजा पुन्हा बंद करतात. अनेकांना इथे आगीच्या ज्वाळा हव्या असतात. पण दरवाजाचा प्रसंग दुपारी बाराच्या पुढचा, तर फ्रेंच हॉवित्झर तोफांनी इमारती पेटल्या त्या नंतर. म्हणून आम्ही या व्हिनेटमध्ये धूर, काजळी काहीही घालत नाही. चिखल मात्र भरपूर, कारण आदली रात्रभर पाऊस कोसळला होता.

मापं १:५६ प्रमाणात काढतो. वीस सेंटिमीटरची वीट साडेतीन मिलिमीटरची होते आणि तिची जाडी जेमतेम एक. तीन मीटरचा दरवाजा ५४ मिलिमीटर भरतो. भिंत एक्सपीएस फोमची (थर्मोकोलसारख्या, पण घट्ट फोमची), विटांच्या रेघा बोथट पेन्सिलने दाबून काढलेल्या. या फोमवर थेट स्प्रे प्रायमर मारला तर त्यातलं सॉल्व्हंट फोम खाऊन टाकतं आणि विटांच्या जागी खड्डे उरतात. म्हणून आधी पीव्हीए ग्लू (लाकडाचा पांढरा गोंद) आणि काळा ॲक्रिलिक रंग एकत्र करून दोन हात द्यायचे. बेस, म्हणजे खालची पाटी, १५ बाय १२ सेंटिमीटरचा, सहा मिलिमीटर एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी बोर्डाचा). पातळ बोर्ड घेतला तर वरचा ग्लू वाळताना आक्रसतो आणि कडा वर उचलल्या जातात. खालच्या बाजूलाही तोच ग्लू लावला की ताण दोन्हीकडे सारखा बसतो.

खरी मेहनत आहे ती माणसांच्या ठेवणीत. बाजारात मिळणारे शिपाई चालत असतात नाहीतर नेम धरून उभे असतात. दार ढकलणारे फारसे मिळत नाहीत. मग कमरेत आणि खांद्यात करवतीने काप घ्यायचा, एक मिलिमीटरची पितळी तार पिन म्हणून घालायची, कोन बदलायचा आणि फट दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरायची. जोर लावणाऱ्या माणसाची मागची टाच उचललेली असते, पुढचा गुडघा वाकलेला असतो आणि डोकं खांद्याच्या खाली जातं. खांदा लाकडाला खरोखर टेकला पाहिजे. तिथे अर्धा मिलिमीटर जरी फट राहिली तरी माणूस दारापाशी नुसता उभा आहे असंच वाटतं. पायाखालची ओतीव चकतीही काढून टाकतो किंवा जमिनीच्या पेस्टमध्ये बुडवतो, नाहीतर प्रत्येक शिपाई स्वतःच्या पाटावर उभा दिसतो.

शिपाई सुटे रंगवतो, दाराला नंतर चिकटवतो. पण जिथे खांदा टेकणार तो भाग रंगाविना, उघड्या धातूचा ठेवतो. रंगावर सुपरग्लू लावला तर तो रंगाला धरतो, धातूला नाही, आणि पहिल्या धक्क्याला पापुद्र्यासकट सुटतो. सुपरग्लू थेंबभरच घ्यायचा आणि हवा खेळती ठेवायची. कोंडलेल्या वाफेने गडद रंगावर पांढरी झाक येते.

गार्ड्सच्या लाल कोटाला तळ गडद तपकिरी-लाल, त्यावर लाल, आणि उजळ कडांना नारिंगीची छटा. लालमध्ये पांढरा मिसळला की गुलाबी होतो आणि कोट धुवट दिसतो. कॉलर आणि कफ निळे. कोल्डस्ट्रीम गार्ड्सची बटणं दोन-दोनच्या जोडीत, तिसऱ्या गार्ड्सची तीन-तीनच्या गटात. २८ मिलिमीटरवर ती ठिपक्यांएवढीच असतात, तरी जाणकार पहिल्यांदा तीच मोजतो. पांढरे पट्टे करड्यावरून चढवत न्यायचे. शुद्ध पांढरा फक्त कडेला.

चिखल वॉर्निशनंतर. क्रम उलटा केला की मॅट वॉर्निश ओल्याची चमक मारून टाकतं आणि कोरड्या पिगमेंटचा (रंगाच्या पुडीचा) रंगही गडद करतं. पिगमेंट, बारीक वाळू आणि चकाकी देणारं ग्लॉस मीडियम एकत्र करून पायाकडून वर न्यायचं: बुटांवर जाड, पोटरीवर शिंतोडे, गुडघ्यावर थोडं जास्त, कारण माणूस तिथे टेकतो. डबक्यांसाठी इपॉक्सी रेझिन, एका वेळी दोन मिलिमीटरचाच थर. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण अंदाजाने घेतलं तर ते कायम चिकट राहतं. रेझिन बुटांच्या कडेने वर चढतं. तो काठ घट्ट होण्याआधी टूथपिकने उतरवायचा.

वॉरगेमची वस्तू लोक उचलतात, सरकवतात, डब्यात भरतात. धातूच्या ओतीव संगिनी वाकतात, रेझिनच्या तुटतात. आम्ही त्या कापून पोलादी तारेच्या बसवतो: ४३ सेंटिमीटरचं ब्रिटिश संगिनीचं पातं इथे पावणेआठ मिलिमीटरचं होतं. टोक कानशीने बोथट करतो, नाहीतर उचलणाऱ्याच्या बोटात घुसतं. मागच्या रांगेतले काही शिपाई चुंबकावर बसवतो, म्हणजे खेळात ते काढून बाजूला ठेवता येतात.

पाठवताना बबल रॅप रंगाला थेट लावत नाही. उन्हात डबा तापला तर वॉर्निशवर त्याचे गोल वळ उठतात. बेस खालून दोन स्क्रूंनी डब्याच्या तळाशी आवळतो आणि वरच्या अर्ध्या भागात काहीच भरत नाही. डबा उघडल्यावर आधी खालचे दोन स्क्रू काढावेत आणि व्हिनेट नेहमी बेसला धरूनच उचलावं. भिंत कितीही भक्कम दिसली तरी तिला धरू नये.